जमिनीखालचं पेव

मुळ्याचा पाला हातभर उंच, हिरवागार. उपटावा तर खाली करंगळीएवढी शेपटी. शेजारच्या वाफ्यातल्या गाजराला दोन पाय फुटलेले. त्याच्या पलीकडचं चांगलं जाडजूड, पण वरपासून खालपर्यंत उभं चिरलेलं. बी एकाच पाकिटातलं, पाणी एकाच नळीचं, आणि तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. अंथुर्णे, लासुर्णे, शेळगाव या बारामती–इंदापूर रस्त्यावरच्या गावांत घरामागे दोन वाफे करून मुळं लावणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं. वांगं किंवा मिरची बिघडू लागली की पानावरून कळतं, काहीतरी उपाय करता येतो. मुळांचं तसं नाही. ती काय करताहेत हे उपटल्यावरच कळतं, आणि तोवर वेळ गेलेली असते.

म्हणून आधी मातीखाली नेमकं काय चालतं ते समजून घ्यावं. पुढची बरीचशी कामं त्यातूनच सुचतात.

साठवण कुणासाठी?

गाजर आणि बीट ही मुळात दोन वर्षांची झाडं. पहिल्या हंगामात पानं उन्हात साखर तयार करतात आणि ती मुळात भरून ठेवतात. थंडी सरली की त्याच साठ्यावर झाड उंच दांडा काढतं, फुलतं, बी धरतं आणि संपतं. आपल्याकडे पूर्वी धान्य जमिनीखालच्या पेवात भरत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच आहेत. गाजर म्हणजे झाडानं स्वतःच्या पुढच्या हंगामासाठी भरलेलं पेव, आणि आपण ते भरलं रे भरलं की मालकाच्या आधी उघडतो.

एक खुलासा इथेच केलेला बरा. जमिनीखाली जे पोसतं ते सगळंच मूळ नसतं. बटाटा, आलं आणि हळद ही खोडं आहेत. बटाट्याचे डोळे म्हणजे खोडावरचे कोंब. कांदा म्हणजे एकावर एक चढलेले पानांचे मांसल बुंधे. गाजर, मुळा, बीट, सलगम आणि रताळं ही खरी मुळं. त्यांतही मुळा, सलगम आणि बिटाचा वरचा भाग मुळाचा नसून मूळ आणि पानं यांच्यामधल्या छोट्या दांड्याचा असतो. मुळ्याचा मातीबाहेर डोकावणारा गुळगुळीत भाग पाहा. त्यावर बारीक तंतुमुळं नसतात, ती खाली सुरू होतात.

आता करंगळीएवढ्या मुळ्याकडे वळू. पेवात धान्य कधी जातं? घरचं भागून उरलं तर. झाडाचंही तसंच आहे. त्याला नत्र भरपूर मिळालं, म्हणजे कुणी युरियाची मूठ जास्त टाकली किंवा वाफ्यात शेणखताचा मारा केला, तर तयार झालेली साखर नवी पानं काढण्यातच खर्च होते. सावलीत तर मुळात साखरच कमी तयार होते. भिंतीच्या कडेला किंवा शेवग्याखाली लावलेला मुळा पाल्यातच राहतो तो यामुळे. मुळांच्या भाज्यांना दिवसाचे निदान सहा तास ऊन लागतं. परसात तेवढ्या उन्हाची जागा नसेल तर तिथे मेथी, कोथिंबीर लावावी आणि मुळ्याचा नाद सोडावा.

तिसरं कारण दाटीचं. दोन मुळे एकमेकांना खेटून उगवले की दोघांच्या मुळांना फुगायला जागा नाही आणि पानांना ऊन पुरत नाही. विरळणी करताना जीव तुटतो खरा. उगवलेलं रोप उपटायचं म्हणजे काय! पण मुळ्यात व बिटात आठ-दहा सेंटिमीटर आणि गाजरात पाच-सात सेंटिमीटर अंतर ठेवलं नाही तर शेवटी सगळीच उपटून टाकायची पाळी येते. बिटाला तर विरळणी चुकतच नाही, कारण आपण ज्याला बिटाचं बी म्हणतो तो खरं म्हणजे फळांचा गुच्छ असतो. एक ‘बी’ टाकलं तरी दोन-तीन रोपं वर येतात. काढलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते, तेव्हा अगदीच वाया जात नाही.

पहिल्या वीस दिवसांत सगळं ठरतं

गाजराचं बी रुजलं की एक धाग्यासारखं मूळ सरळ खाली जातं. या धाग्याच्या टोकावर पेशींची टोपी असते आणि त्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण. हे कण गुरुत्वाकर्षणानं पेशीच्या तळाशी बसतात, आणि ते कुठे बसले यावरून मुळाला ‘खाली’ कुठे ते कळतं. माती मोकळी असेल तर पहिल्या तीन आठवड्यांत मूळ लांबीची बहुतेक मजल मारून जातं. तेव्हा वर चार-दोन नाजूक पानं असतात आणि मालकाला वाटतं, अजून कशात काही नाही.

नंतर जाडी भरते. मुळाच्या आत नव्या पेशी तयार करणारा एक पातळ थर असतो, त्याला ऊतिकर म्हणतात. तो आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही अंगांना पेशी भरत जातो. गाजर आडवं कापलं की आतला फिकट गाभा आणि बाहेरचा गडद भाग वेगळे दिसतात. त्या दोन्हींच्या सीमेवर हा थर होता. बिटात असे थर एकाबाहेर एक कित्येक तयार होतात. बिटाच्या चकतीवरची वर्तुळं ती हीच.

म्हणजे लांबी आधी, जाडी नंतर. धाग्याएवढं मूळ खाली जात असताना त्याचं टोक खड्यावर आपटलं, कडक थराशी अडलं, ताज्या शेणात होरपळलं किंवा किडीनं खाल्लं, की ते टोक मरतं. टोक मेलं की मागची बाजूची मुळं मोकळी सुटतात आणि त्यांतली दोन-तीन मुख्य मुळाची जागा घ्यायला धावतात. पुढे ती सगळी जाड होतात आणि दोन पायांचं गाजर तयार होतं. ते चवीला काही वाईट नसतं, सोलताना मात्र वैताग येतो.

यावरून तीन गोष्टी निघतात. गाजर आणि मुळा जागेवरच पेरावेत, रोपं करून लावू नयेत, कारण रोप उपटताना टोक तुटतंच. बीट तेवढं हे सहन करतं. वाफा एक वीत-सव्वा वीत खोल खणून खडे, ढेकळं आणि जुनी खुंटं वेचून काढावीत. आणि शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं, तेही आदल्या पिकाला घातलेलं उत्तम. फाट्यांबरोबर मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर मात्र दोष खड्यांचा नसून सूत्रकृमींचा. त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू लावावा आणि मुळं दुसरीकडे हलवावीत.

काळीचा स्वभाव

अंथुर्ण्याच्या आसपास कालव्याखालच्या पट्ट्यात काळी भारी जमीन आणि वरच्या अंगाला मुरमाड माळ. उसाला मानवणारी काळी मुळांना मात्र जाचते. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. ओली असताना तिच्यात हवा उरत नाही, सुकली की ती इतकी आवळते की कोवळ्या मुळाला शिरायला वाट सापडत नाही. पेवासाठी जागा निवडताना जाणती माणसं ओल आणि निचरा पाहत. इथेही पहिला प्रश्न तोच.

सपाट वाफ्याचा हट्ट सोडून वीतभर उंच गादीवाफा किंवा वरंबा करणं हा सर्वांत स्वस्त उपाय. जास्तीचं पाणी सरीत उतरतं आणि मुळाभोवती हवा राहते. काळीत दोन पाट्या वाळू मिसळण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याचा उपयोग फारसा होत नाही. फरक पडण्याइतकी वाळू घालायची तर निम्मा वाफा वाळूचा करावा लागेल. त्यापेक्षा कुजलेलं खत दरवर्षी मिसळत राहावं. त्यानं मातीचे बारीक कण एकत्र येऊन रवाळ होतात. या भागात साखर कारखान्यांची मळी मिळते. तिचं नीट कंपोस्ट झालेलं असेल तर ती फार चांगली. कच्ची मळी मात्र कुजताना तापते, तिच्यावर लगेच पेरणी नको.

उसाचं पाचट आच्छादनाला उत्तम, पण गाजर उगवून आल्यावर. गाजराला उगवायला आठवडा-पंधरवडा लागतो आणि तेवढ्यात काळीवर पपडी धरते. नाजूक कोंबाला ती फोडता येत नाही. जुनी जाणती माणसं पेरलेल्या ओळीवर ओलं गोणपाट टाकून ठेवतात आणि पहिला कोंब दिसताच काढतात. दुसरी युक्ती म्हणजे गाजराच्या ओळीत मुळ्याचं थोडं बी मिसळणं. मुळा तीन-चार दिवसांत वर येतो, पपडी फोडतो, ओळ दाखवतो आणि गाजर फुगायच्या आत ताटात जातो.

नीरेचं पाणी आणि मीठ

या परिसरातल्या परसबागेबद्दल लिहिताना मिठाचा विषय टाळून चालत नाही. नीरा डाव्या कालव्याला १८८५ मध्ये पाणी सुटलं आणि दुष्काळी टापू बागायती झाला. बारमाही पाणी आलं, निचऱ्याची सोय मात्र झाली नाही. जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढली आणि तिच्याबरोबर खोलवरचे क्षारही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवरचा अभ्यास १९१० मध्ये छापला. म्हणजे कालवा सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांतच हा प्रश्न अभ्यासाचा विषय झाला होता.

मीठ रोपाला कसं त्रास देतं? पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे ओढलं जातं. मुळाच्या आत विरघळलेले पदार्थ बाहेरच्या मातीतल्यापेक्षा जास्त असतात, म्हणून पाणी आत शिरतं. मातीतच क्षार वाढले की ही ओढ कमी होते. वाफा ओला दिसत असूनही रोप तहानलेलं राहतं. सर्वांत आधी याचा फटका बियाला बसतो.

सगळी मुळं सारखी नाजूक नसतात. मातीची क्षारता विद्युतवाहकतेवरून मोजतात आणि तिचं माप डेसीसायमन प्रति मीटर. मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये तयार केलेलं कोष्टक आजही जगभर वापरतात. त्यानुसार गाजराचं उत्पादन १.० च्या पुढे घटू लागतं, मुळ्याचं १.२ च्या आणि रताळ्याचं १.५ च्या पुढे. बीट मात्र ४.० पर्यंत तक्रार करत नाही. (हे आकडे माती पूर्ण भिजवून काढलेल्या द्रावणाचे आहेत. माती परीक्षण अहवालात बहुधा पातळ द्रावणाचा आकडा असतो आणि तो बराच कमी दिसतो, तेव्हा दोन्हींची थेट तुलना करू नये.)

बिटाच्या या सोशिकपणामागे त्याचं घराणं आहे. त्याचे रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर वाढतात. खारं पाणी आणि खारा वारा त्यांच्या रोजच्या सवयीचे. तरीही उगवताना बीटही हळवं असतं. त्याचा कणखरपणा पानं फुटल्यावरचा. याच कुळातलं शुगरबीट आपल्या भागाला अनोळखी नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात इंदापूर तालुक्यातल्याच कळस इथे उष्ण हवामानात येणारं शुगरबीट लावून त्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प उभा राहिला होता. बिटात उसासारखीच साखर असते हे बर्लिनमध्ये आंद्रेयास मार्गग्राफनं १७४७ मध्ये दाखवलं होतं. उसाच्या मुलखात पुन्हा बिटाची साखर कशाला, असा प्रश्न कुणाला पडला तर त्याचं उत्तर पुष्कळदा पाण्यात आणि खारट जमिनीत सापडतं.

परसात यातून काय करायचं? वाफ्यावर पांढरी पावडर धरत असेल तर वरंब्याच्या माथ्यावर बी टोकू नये. सरीतलं पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून वर चढतं, माथ्यावर पोचून उडून जातं आणि क्षार तिथेच सोडतं. म्हणून माथा सगळ्यांत खारा असतो. बी वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टोकावं. दुसरं, धुण्याचं पाणी मुळांच्या वाफ्यात सोडू नये. धुण्याच्या पावडरीतला सोडा मातीत सोडियम वाढवतो आणि काळी आणखीच घट्ट होते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घालावं. आणि वाफा फारच बिघडलेला असेल तर एकदा माती तपासून घ्यावी. जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली, असेल तर जिप्सम लागतं, नुसती खारट असेल तर निचरा करून भरपूर चांगलं पाणी देऊन क्षार धुऊन काढावे लागतात. आजार ओळखल्याशिवाय जिप्समचं पोतं आणणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

चौकट : केव्हा काय

गाजर – नवरात्राच्या सुमारास पेरलं तर साधारण ९० दिवसांनी, भोगीच्या भाजीला तयार. १५ ते २० अंश तापमानात रंग उत्तम भरतो.
मुळा – थंडीसाठी ‘जपानी व्हाइट’, ५० ते ५५ दिवस. उन्हाळा-पावसाळ्यासाठी ‘पुसा चेतकी’, ४० ते ४५ दिवस. एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतरानं थोडा थोडा पेरावा.
बीट – ऑक्टोबर-नोव्हेंबर, ६० ते ७५ दिवस. बी रात्रभर भिजवावं.
रताळं – बी नाही, वेलाचे वीतभर तुकडे. ऑक्टोबरात लावलं तर महाशिवरात्रीला मिळतं.

चिरणं, पोकळ होणं, झोंबणं

मूळ उभं का चिरतं? माती बरेच दिवस कोरडी राहिली की मुळाची साल निबर होते, तिचं ताणणं थांबतं. मग अचानक भरपूर पाणी मिळतं. आतल्या पेशी पाणी पिऊन टच्च फुगतात आणि साल फाटते. कालव्याच्या आवर्तनावर चालणाऱ्या भागात हे फार घडतं. पाळी आली की मनसोक्त पाणी, नंतर कोरड. उसाची मुळं खोल असल्यानं तो हे निभावून नेतो, गाजराला जमत नाही. परसातल्या वाफ्याला आवर्तनाची वाट न पाहता तीन-चार दिवसांनी थोडं थोडं पाणी द्यावं. पाचटाचं आच्छादन असेल तर ओल आणखी टिकते.

मुळा आतून भेंडासारखा होतो त्याचं कारण बहुतेकदा आपला लोभ. ‘अजून थोडा वाढू दे’ म्हणत ठेवलेला मुळा जाड होत जातो. आतल्या पेशी मोठ्या होतात, त्यांना पुरेसा पुरवठा होत नाही, त्या रिकाम्या पडतात आणि हवेनं भरतात. उष्णतेत हे आणखी लवकर होतं. फेब्रुवारीत दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की झाड पेव स्वतःच उघडतं. दांडा येतो आणि मुळातली साखर फुलांकडे जाते. अशा मुळ्याची कोशिंबीर करू नये. पण झाड उपटूही नये, त्याला डिंगऱ्या, म्हणजे शेंगा, येतील. डिंगऱ्यांची भाजी ज्यांनी खाल्ली आहे ते दोन मुळे मुद्दाम राखून ठेवतात.

तिखटपणाची गोष्ट निराळी. मुळ्याच्या पेशीत गंधकयुक्त पदार्थ असतो आणि एक विकर वेगळ्या कप्प्यात असतं. चावलं किंवा किसलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि नाकात जाणारी झोंब तयार होते. अख्खा मुळा म्हणूनच फारसा वासत नाही, किसलेला वासतो. शिजवलं की विकर निकामी होतं, त्यामुळे भाजी सौम्य लागते. ऊन आणि पाण्याची टंचाई यांनी तिखटपणा वाढतो.

काढणी आणि नंतर

काळ्या जमिनीतून मूळ ओढून काढायचं तर आदल्या दिवशी हलकं पाणी द्यावं, नाहीतर हातात पाला येतो आणि मूळ खालीच राहतं. गाजराचे खांदे उघडे पडून हिरवे झाले असतील तर वाढीच्या काळात माती चढवायची राहिली असं समजावं. उन्हात त्या भागात हरितद्रव्य तयार होतं आणि तो कडवट लागतो.

काढल्याबरोबर पाला वेगळा करावा. काढलेल्या मुळातूनही पानं पाणी ओढून हवेत सोडत राहतात आणि दुपारपर्यंत गाजर लवतं. बिटाचा पाला मात्र बुडातून कापू नये. दोन बोटं देठ आणि शेपटी ठेवूनच उकडावं, नाहीतर रंग पाण्यात उतरतो. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, गाजराचा तेला-तुपात. गाजरहलव्याचं तूप केशरी होतं ते यामुळे. बिटाचा मातकट वास ज्या रसायनाचा, तेच रसायन पहिल्या पावसात मातीलाही वास देतं.

रताळ्याची परीक्षा सोपी आहे. एखादं काढून कापावं. कापलेला भाग पांढरा राहून सुकला तर तयार, काळसर-हिरवट पडला तर थांबावं. वाढीच्या काळात वेल अधूनमधून उचलून ठेवावेत. पेरापेरावर मुळं रुजली की साठवण विखुरते आणि एकही रताळं धड पोसत नाही. जमिनीला भेगा पडू देऊ नयेत, भेगांतूनच सोंड्या भुंगा आत शिरतो. काढलेली रताळी आठवडाभर सावलीत, ऊबदार जागी पसरावीत. खरचटलेल्या जागी नवी साल धरते आणि ती टिकतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. उष्ण मुलखातलं पीक आहे, थंडीनं गाभा टणक होतो आणि शिजवला तरी मऊ पडत नाही. निखाऱ्यात हळूहळू भाजलेलं रताळं उकडलेल्यापेक्षा गोड का लागतं, तर मंद आचेवर त्यातल्या विकराला पिष्टाची साखर करायला जास्त वेळ मिळतो.

बी घरचं धरायचं असेल तर मुळ्यापासून सुरुवात करावी. चांगला पोसलेला, सरळ, उशिरा दांडा काढणारा मुळा राखावा. जो सर्वांत आधी फुलतो त्याचंच बी हौसेनं धरलं तर पुढच्या वर्षी सगळाच वाफा लवकर फुलायला लागतो. मुळ्याची फुलं मधमाश्यांवर अवलंबून, म्हणून दोन जातींचे मुळे एकाच वेळी फुलू देऊ नयेत, बी मिसळतं. शेंगा वाळल्या की झाड कापून सावलीत टांगावं, बडवून बी पाखडावं आणि कोरड्या बरणीत ठेवावं. नीट सुकवलेलं मुळ्याचं बी तीन-चार वर्षं उगवतं. गाजराचं मात्र ताजंच वापरावं.